कंपासपेटी

कर्कटक मागितलं होतं मी.
प्रज्वल घाडी पेटी उघडेना,
म्हणून मीच उघडली.
कोनमापक, अर्धं खोडरबर, बसचा पास,
आणि लाल प्लॅस्टिकचं, पितळी बुडाचं
एक काडतूस.
वर्गात छत्तीस मुलं.
फळ्यावरच्या त्रिकोणाची तिसरी बाजू राहूनच गेली.

जांबोटीच्या पलीकडं, जिथं भातात गवे उतरतात,
तिथं वाडीला एखादी बंदूक असतेच, लायसनची.
निवडणूक आली की ठाण्यात जमा,
निकाल लागला की परत.
पावती कानडीत, सही मराठीत.

हवालदार बडिगेर आले.
हेडमास्तरांच्या टेबलावर काडतूस उभं करून म्हणाले,
यार्दू इदू?
हे कुणाचं?

आमच्या मुलखात हा प्रश्न जुना आहे.
पाटी कुणाची, गाव कुणाचं,
दुकानावरची अक्षरं कुणाची.
'आमचं' म्हणायला इथं माणसं रस्त्यावर येतात,
डोकी फोडून घेतात.
त्या दिवशी ऑफिसात अकराजण होतो.
'आमचं' कुणी म्हणालं नाही.

केसरेकर सर म्हणाले, घरचं वळण.
लुमाण्णा घाडी म्हणाला, मी डुकरांपासून भात राखतो,
पोरं राखायला शाळा आहे की.
एसडीएमसीचे अध्यक्ष म्हणाले,
ठाण्यानं बंदूक परत दिलीच कशी?
बडिगेर म्हणाले, लायसन डीसी ऑफिसचं,
आमचं फक्त कुलूप.
मग कुणीतरी मोबाइलचं नाव काढलं
आणि सगळ्यांनाच बरं वाटलं.

मी काय म्हणाले ते प्रोसिडिंगात आहे:
'वर्गशिक्षिकेस पूर्वकल्पना नव्हती.'
खाली माझी सही, तारखेसकट.

प्रज्वलला पंधरा दिवस घरी बसवायचं ठरलं.
तो दप्तर भरत होता.
दारात अडवून विचारलं,
शाळेत कशाला आणलंस रे?

'घरात नको म्हणून.'

मग चपलेचा अंगठा आत-बाहेर करत, तुकड्यातुकड्यानं:
दहा होती, बिस्किटाच्या डब्यात.
दादा दोनदा नापास झाला.
तुम्ही प्रार्थनेला नाव घेऊन सांगितलं होतं बघा,
सूरज घाडीसारखं होऊ नका म्हणून.
तेव्हापास्नं तो बंदूक पुसत बसतो.
म्हणतो, एक दिवस शाळेत जाऊन
सगळ्यांचा हिशोब करून येतो.
मी रोज एक काढलं.
नऊ टाकली मलप्रभेत, बसमधनं, पूल आला की.
आज खिडकी मिळाली नाही.

कुणाला सांगायचं नाही का?

'सांगितलं होतं की, बाई. तुम्हालाच.
तुम्ही म्हणालात, युनिट टेस्ट संपू दे.'

आठवेना.
मग आठवलं. लाल पेनाची शाई संपत आली होती,
मी ते झटकत होते,
आणि टेबलाच्या कडेला कुणीतरी उभं होतं
बराच वेळ.

बंदूक परत ठाण्यात आहे. नवी पावती.
काडतूस पाकिटात, पाकिटावर लाख.
रात्री भांडी विसळताना
मी तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं:
नन्दू.
माझं.
वीस वर्षं इथं राहून
हा शब्द कधी कानडीत लागला नव्हता.
आणि आता विचारायला कुणी समोर नव्हतं.

रविवारी त्यांच्या वाडीवर गेले.
सूरज अंगणात सायकलची चेन बसवत होता,
हात कोपरापर्यंत काळे.
मला पाहिलं. उठला नाही. बस म्हणाला नाही.
प्रज्वल दारातनं बघत होता,
त्याचं लक्ष माझ्याकडं नाही, भावाच्या हाताकडं.

'कशाला आलाय, बाई?'

बसमध्ये तीन वाक्यं जुळवून आणली होती.
एकही निघेना.
त्यानं पायडल फिरवलं, चेन पुन्हा निसटली.
मी पर्स खाली ठेवली
आणि मागचं चाक उचलून धरलं.